कंपनीवाले सर

सर कंपनीचं नाव घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. नुसतं ‘कंपनी’ म्हणायचे. अकोल्यात तेव्हा कंपन्या काही कमी नव्हत्या; जिनिंगच्या होत्या, तेलाच्या होत्या, विम्याच्या होत्या. पण आमच्या टायपिंग क्लासात ‘कंपनी’ म्हटलं की एकच, साता समुद्रांपलीकडची, काळ्या चकचकीत टाइपरायटरांची. मशीन कंपनीचं, रिबन कंपनीची, रिबनीची पत्र्याची डबी कंपनीची, खोडरबर कंपनीचं, धूळ झाडायचा ब्रश कंपनीचा, भिंतीवरचा रंगीत तक्ता कंपनीचा. दुसऱ्या कुणाची रिबन स्वस्तात मिळते म्हणून एका मुलानं एकदा आणली, तर सरांनी ती चिमटीत धरून जिन्याखाली नेऊन ठेवली. फेकली नाही. “कुणाच्या तरी पोटाचा धंदा आहे,” म्हणाले, “पण आपल्या मशीनला तो सोसणार नाही.”

तेलही कंपनीचंच. लांब चोचीची चपटी बाटली. मशीनला घालून उरलेलं तेल सर सायकलच्या साखळीला घालत, दारांच्या बिजागऱ्यांना घालत, काकूंच्या शिवणयंत्राला घालत. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. क्लासाच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं, आणि त्या घराचं एकही दार कुरकुरत नसे. काकू म्हणायच्या, “आमच्या घरात तूप संपलेलं चालते बाप्पा, कंपनीचं तेल नाही संपत.”

क्लास ताजनापेठेकडं, सरकीच्या एका दुकानावर, माडीवर होता. लाकडी जिना, वर लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून टेबलं. मामा मला तिथं घेऊन गेले तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. मी मॅट्रिक होऊन वर्षभर घरीच बसले होते. आमचं गाव बाळापूरकडं, घरी काळ्या मातीचं शेत. मॅट्रिक झालेली मुलगी शेतात किती दिवस ठेवायची आणि लग्नासाठी कुठवर थांबायचं, या दोन्ही प्रश्नांना मामांनी एकच उत्तर काढलं होतं, की हिला टायपिंग शिकवू. मामा अकोल्याच्या तहसिलीत कारकून होते; मी त्यांच्याच घरी राहायला आले.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गळ्यात टाय आणि पाय अनवाणी अशा वेशात. हा त्यांचा बारमाही वेश. टाय मशीनच्या मानासाठी. आणि जोडे धूळ आणतात म्हणून ते जिन्याच्या तोंडाशी. आमच्या सगळ्यांच्या चपलाही तिथंच असायच्या, देवळाबाहेर असतात तशा.

“हात दाखव,” सर म्हणाले.

मी हात पुढं केले. बोंडं टोचून बोटांवर बारीक ओरखडे पडलेले होते. मामा ओशाळले.

“कापूस वेचतेस?”

“हो.”

“दोन्ही हातांनी?”

“एका हातानं वेचलं तर ओळ सरत नाही, सर.”

सर मामांकडं वळले. “हिला घेतो. पुष्कळ पोरांना डावा हात शोभेला दिलेला असतो.” मग मला म्हणाले, “बांगड्या कोपराकडं सार. कोपऱ्यात घंगाळ आहे, हात धुऊन ये. पुसायचा पंचा निळा. पांढरा मशीनचा आहे.”

मशीनला वेगळा पंचा होता, आणि उन्हाळ्यात मशीनला वाळ्याचे ताटवेही होते. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे त्याला मे महिन्यात माडीवर बसणं म्हणजे काय ते सांगायला नको. सर खिडक्यांना वाळ्याचे ताटवे बांधत, त्यांवर दर तासाला पाणी मारत. आम्ही म्हणायचो, सर आमची किती काळजी घेतात. एकदा एका मुलानं तसं बोलून दाखवलं. सर प्रामाणिकपणे म्हणाले, “तुमची नाही रे. रोलरचं रबर कडक होतं.”

दसऱ्याला मशीनांची पूजा व्हायची. ती मात्र सर स्वतः करत नसत. शेजारच्या गुरुजींना बोलवत, आणि गुरुजी मंत्र म्हणत असताना हात जोडून बाजूला उभे राहत. याचं कारण पुढं काकूंनी सांगितलं. सरांचे वडील अमरावतीला अंबादेवीच्या भागात भिक्षुकी करायचे. सरांची मुंज झाल्यापासून संथा चालू होती, आवाज चांगला होता, घरची यजमानकी त्यांच्याकडंच यायची होती. एके दिवशी वडिलांनी एका वकिलाकडं सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला पाठवलं, तर तिथं कंपनीचं मशीन! वकिलाचा कारकून त्यावर दावा टाइप करत होता. सर प्रसादाची वाटी हातात धरून दिवस कलेपर्यंत उभे राहिले. घरी आले ते ‘मी पूजा सांगणार नाही’ असं सांगतच. वडील त्यानंतर त्यांच्याशी फारसं बोलले नाहीत. “पूजेवर पाणी सोडलं, पण सोवळं नाही सुटलं बरं,” काकू म्हणायच्या. “ते सारं या मशीनीवर आलं.”

वर्षातून एकदा कंपनीचा माणूस यायचा. अमरावतीला राजकमल चौकाजवळ कंपनीची एजन्सी होती, ती हा माणूस चालवायचा. जाडसर, हसरा, पांढरा सूट, तोंडात पान. त्या दिवशी क्लासाला अर्धी सुट्टी. काकू वडाभात करायच्या, कढी करायच्या. सर त्याला स्वतः वाढायचे. जावयाला वाढतात तसे, आग्रहानं. तो माणूस प्रत्येक मशीनचा कान पिळल्यासारखा रोलर फिरवून बघायचा आणि म्हणायचा, “मास्तर, मशीन पाहायचं तर तुमच्याकडं. क्या बात है! मी साऱ्या वऱ्हाडात सांगत असतो.” एवढ्यावर सरांचं वर्ष निघायचं.

असे आमचे दिवस चालले होते. मी परीक्षा दिल्या, पास झाले. इंग्रजीत माझा स्पीड क्लासात सगळ्यांत वर गेला, तेव्हा सरांनी मला सकाळच्या बॅचला शिकवायला ठेवून घेतलं. शाबासकी द्यायची त्यांची एक पद्धत होती. ते आपल्याला काही बोलत नसत. आपल्या मशीनला म्हणत, “बरं चाललं आहे तुझं.” आणि चूक झाली की आम्हाला म्हणत, “खोडता येतं, पण कागद विसरत नाही.”

दरम्यान आमचं अकोलं जागचं न हलता राज्यं मात्र बदलत होतं. आधी नागपूरच्या राज्यात होतो, मग मुंबईच्या, मग महाराष्ट्र झाला. जिल्हा परिषद आली. कचेऱ्यांतून मराठीत कागद निघायला लागले. समोरच्या गल्लीत एक नवा क्लास उघडला, त्याच्या पाटीवर ‘मराठी टंकलेखन’ असं ठळक लिहिलेलं. आमची संध्याकाळची बॅच हळूहळू रिकामी होत गेली. झाकलेली मशीनं वाढली.

मी एकदा सरांना विचारलं, “सर, आपण मराठी मशीन कधी घ्यायचं?”

“कंपनी काढते आहे,” सर म्हणाले. “पुढच्या वर्षी येणार. तो सांगून गेला आहे.”

कंपनीचा माणूस मागच्या वर्षीही ‘पुढच्या वर्षी’ असंच सांगून गेला होता, आणि त्याच्या मागच्या वर्षीही. यंदा तर तो स्वतःच आला नव्हता. काकूंनी वड्यांची डाळ दोनदा भिजवली आणि दोनदा आम्हीच खाल्ली. रिबनींचं पार्सल येईना. सर जुन्या रिबनी उलट्या फिरवून लावायला लागले. अक्षर राखाडी उमटायचं. पण दुसऱ्या कुणाची रिबन त्यांनी मशीनला लागू दिली नाही.

अशात मला जिल्हा परिषदेचं बोलावणं आलं. टंकलेखिकेची जागा होती; कोणत्या भाषेची, ते कागदावर नव्हतं. घरी आनंद झाला. गावाहून आईनं निरोप पाठवला, “जाताना देवापुढं गूळ ठेव.” मी गूळ ठेवला, हात धुतले, गेले.

मला एका टेबलाशी बसवलं. समोर हिरव्या रंगाचं मशीन, देशी बनावटीचं. त्याच्यावर अक्षरं मराठी. मजकूर दिला आणि साहेब म्हणाले, “करा सुरू.” माझी बोटं आपोआप जागेवर गेली, आणि तिथं माझी एकही जागा नव्हती. ए नव्हता, एस नव्हता. कुठं नुसतीच मात्रा, कुठं अर्धंच अक्षर. मी हात उचलून मांडीवर ठेवले. शेजारी दुसऱ्या उमेदवारांची मशीनं धडधडत होती. वेळ संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले. उठून जायलाही लाज वाटत होती.

तिथून मी थेट क्लासात आले. सर एकटेच मशीन पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुसायचं थांबवलं नाही.

“कंपनीचं मशीन होतं का?”

“नाही, सर.”

“मग तुझा काही दोष नाही.”

आतल्या दारात काकू उभ्या होत्या, हाताला कणीक. त्या म्हणाल्या, “दोष नाही, पण नोकरी बी नाही ना! शेतकऱ्याची पोर आहे, किती दिवस तुमच्या कंपनीची वाट पाहीन ते? तिच्या मामाले काय सांगू मी?”

सरांनी मशीनवर झाकण घातलं. मग जिन्यापाशी जाऊन उगाच जोडे घातले, काढले, पुन्हा वर आले.

“उद्या अमरावतीला जाऊ,” ते म्हणाले. “तू चल. तुझी बोटं लागतील.” मग काकूंकडं वळून, “आणि अगं, तूही चल. बाईमाणूस सोबत असलेलं बरं.”

आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलली. सर सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. अमरावती त्यांचं गाव, पण वडील गेल्यानंतर ते क्वचितच जात. काकूंनी दशम्या आणल्या होत्या, त्या त्यांनी खाल्ल्या नाहीत.

राजकमल चौकाजवळ पोचलो तर एजन्सीच्या दुकानावर पाटी दुसरीच. आत मात्र माणूस तोच, पांढरा सूट तोच, पानही तेच. त्याच्याभोवती हिरवी मशीनं मांडलेली. आम्हाला पाहून तो उठला आणि क्षणभर त्याचं हसू कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

“या मास्तर, या वहिनी! अरे, पानी आन रे!”

“कंपनी?” सरांनी विचारलं.

“गेली ना, मास्तर. गाशा गुंडाळला इथला. कंपनी गेली, मी राहिलो. पोटापाण्याले काहीतरी करनं भागच आहे.”

“आणि मराठी मशीन?”

“ते कधी निघनारच नव्हतं.”

“तुम्ही पुढच्या वर्षी म्हणत होता.”

“वरून सांगत होते तसं मी सांगत होतो. मंग मले कळलं का कंपनीच्या मनातच नाही.”

“केव्हा कळलं?”

त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “झाले दोन-तीन साल.”

म्हणजे आमच्याकडं शेवटचा वडाभात जेवला तेव्हा त्याला ठाऊक होतं. काकूंच्या ते लगेच ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, “कावून नाही सांगतलं, भाऊ? एवढं पोटभर जेवत होते ना?”

“वहिनी, कसं सांगू? मास्तर ज्या नजरेनं पाहत होते, त्या नजरेसमोर तोंड उघडत नव्हतं मायं.”

मला वाटलं, सर आता उठून चालू लागतील. आयुष्यात त्यांनी एवढ्याशा खोडरबरासाठी माणसं तोडली होती. पण ते बसून राहिले. मग म्हणाले, “हात धुवायला पाणी मिळेल का?”

दुकानदाराला कळेना. पोऱ्यानं तांब्या आणला. सरांनी दुकानाच्या पायरीवर हात धुतले, स्वतःच्या रुमालाला पुसले, आणि आत येऊन त्या हिरव्या मशीनपुढं बसले. रोलर फिरवला. कळा एकेक दाबून पाहिल्या. एक मात्रा दाबली. ती उमटली, पण कॅरेज सरकली नाही.

“हे अडकतं आहे.”

“अडकत नाही, मास्तर. मात्रेले जागा लागत नाही ना, म्हनून सरकत नाही. अक्षर मारलं का सरकते.”

“मारलं तर सरकलं पाहिजे,” सर म्हणाले. पण ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं.

काकू मागं उभ्या होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी मशीनांची झाकणं धुतली, पंचे धुतले, ताटव्यांवर पाणी मारलं, पण कळ कधी दाबली नव्हती. कुणी दाबू नका म्हटलं नव्हतं. कुणी दाबा म्हटलं नव्हतं, एवढंच. त्यांनी सरांच्या खांद्यावरून हात घालून एक कळ दाबली.

“अव माय!” त्या एकदम हसल्या. “क उमटला! पाहा ना, आपला क!”

जुनी निम्मी मशीनं देऊन दोन हिरवी घ्यायची, असा व्यवहार ठरला. सरांनी घासाघीस केली नाही. उठताना फक्त एक विचारलं.

“याला तेल कोणतं घालायचं?”

“कोनतंही चालते, मास्तर. शिवनयंत्राचं असो, कोनतंही.”

कंपनी गेली हे त्यांनी ऐकलं, फसवलं गेलो हेही ऐकलं. पण चेहरा उतरला तो या शब्दानं. परतीच्या गाडीत बडनेऱ्याच्या पुढं ते एकदाच बोलले, “कोणतंही चालतं म्हणे.”

त्यानंतरचे महिने मला सगळ्यांत जास्त आठवतात. सकाळची बॅच सुटली की दोन्ही मशीनांपुढं आम्ही बसायचो. शिकवणारं कुणी नव्हतं. तक्ता बघून आपलं आपण. मला त्रास झाला, पण मी तरुण होते. सरांचे हाल मात्र बघवत नव्हते. त्यांची बोटं इतकी वर्षं ज्या जागांवर गेली होती तिथंच जायची. डोकं मराठी सांगायचं आणि बोटं इंग्रजी ऐकायची. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, हे त्यांना उलटं वाटायचं. अर्ध्या अक्षराला काना देऊन पुरं करायचं, तर ते काना विसरायचे आणि ओळभर लंगडी अक्षरं उभी राहायची. मग ते आपल्याच बोटावर पट्टी मारायचे, हलकेच, पण मारायचे.

“सर, थोडं थांबू या का?” मी म्हणायची.

“बोट चुकलेलं नाही,” ते म्हणायचे. “बोट इमानदार आहे. तोच तर घोळ आहे.”

काही दिवसांनी काकू दुपारच्या झाकपाकीनंतर येऊन बसायला लागल्या. सर म्हणाले, “तुला कशाला?”

“कशाले म्हणजे? इंग्रजी नव्हतं येत म्हणून नव्हती बसत. मराठी तर येते ना मले.”

काकू चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि रोज पोथी वाचत. त्यांनी टाइप केलेली पहिली ओळ होती, ‘तुरीची डाळ निवडून ठेवणे.’ मी खूप हसले. पण ओळीत चूक एकच होती. त्यांच्या बोटांना आधीचं काही विसरायचं नव्हतं. पोळ्या लाटाव्यात तशा त्या एका लयीत, घाई न करता टाइप करायच्या. महिनाभरात त्या सरांच्या पुढं गेल्या. हे आम्हा तिघांनाही दिसत होतं आणि तिघंही त्याविषयी बोलत नव्हतो. सर बाहेर गेले की काकू जास्त वेगानं टाइप करायच्या. जिन्यावर पाऊल वाजलं की हळू व्हायच्या.

मराठीच्या परीक्षेला आम्ही तिघांनीही नावं घातली. केंद्र अमरावतीला, एका शाळेत. परीक्षेला मशीन आपापलं न्यावं लागे. दोन आमची होती, तिसरं दुकानातल्या त्या माणसानं दिलं, आणि स्वतः खांद्यावरून शाळेत आणून ठेवलं. सरांकडं न बघता गेला.

आम्ही हॉलमध्ये शिरलो तर पर्यवेक्षक लगबगीनं उठले. सरांना वऱ्हाडात कोण ओळखत नव्हतं! त्यांचे विद्यार्थी कचेऱ्या-कचेऱ्यांतून बसलेले होते. “या सर, आपण ऑफिसात बसा. चहा सांगतो. आपल्या मुली इथं बसतील.”

“मी परीक्षेला बसलो आहे,” सर म्हणाले, आणि खिशातून हॉलचं कार्ड काढून दाखवलं.

पर्यवेक्षक कार्डाकडं बघत राहिले. हॉलभर मिसरूड फुटलेली पोरं. कुणीतरी खुसखुसलं. सरांनी टाय नीट केली, जागा शोधली आणि बसले. काकू त्यांच्या पुढच्या ओळीत, डोक्यावरून पदर घेऊन. घंटा झाली.

माझं काम संपत आलं तेव्हा मी मान वर केली. सरांचं मशीन थांबलेलं होतं. त्यांनी वाचून पाहिलं असावं. मधल्या दोन ओळी बोटांनी इंग्रजीच्या जागांवरून मारल्या होत्या. कागदावर मराठी अक्षरं होती, पण कुठल्याच भाषेतली नव्हती. खोडायला वेळ नव्हता. त्यांनी कॅरेज मागं ओढली आणि राहिलेला मजकूर सावकाश, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पुरा केला. पुढच्या ओळीत काकूंचं कधीच संपलं होतं. पण मागचं मशीन थांबेपर्यंत त्या मान खाली घालून बसून होत्या.

निकाल लागला. माझा नंबर होता, काकूंचा होता. सरांचा नव्हता.

काकूंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. मला म्हणाल्या, “मायाच नंबर चुकून लागला असन. तू पाय बरं पुन्हा.” सर सायकल काढून गेले. आम्हाला वाटलं, नदीकडं गेले असतील, एकटे बसायला. तासाभरानं आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. खालच्या सरकीच्या दुकानापासून वाटत वर आले. “घरातल्या दोघी पास झाल्या,” असं प्रत्येकाला सांगत होते. मला घरातलं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग काकूंच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, “सोमवारपासून मराठीची बॅच तू घ्यायची.”

“मी? अहो, लोक काय म्हणतील?”

“नापास मास्तराकडं शिकायला आलो, असं म्हणण्यापेक्षा बरंच म्हणतील.”

सर पुढच्या खेपेला पास झाले. ते मला नंतर कळलं, मी तेव्हा अकोल्यात नव्हते. मला अमरावतीच्या एका कचेरीत मराठी टंकलेखिकेची जागा मिळाली. ऑर्डर घेऊन मी निरोप घ्यायला गेले, तेव्हा मराठीची बॅच चालू होती. टेबलामागं काकू, नऊवारी, नवा चष्मा, हातात लाल पेन्सिल. समोर पाच-सहा मुली आणि खिडकीशी सर; आणखी काही काळी मशीनं देऊन हिरवी वाढवली होती.

सरांनी कागद मशीनमधून काढला, उठले आणि मुलींच्या मागं रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर कागद पुढं केला. काकूंनी पेन्सिल फिरवली, कागद परत दिला. सरांनी तो तिथंच उभं राहून वाचला.

“बाई,” ते म्हणाले. घरात ते त्यांना ‘अगं’ म्हणत. “तिसऱ्या ओळीत रफार चुकला आहे. इथं खूण नाही.”

काकू दुसरा कागद बघायला लागल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दिसला नाही का?”

“दिसला.”

“मग?”

मुलींची मशीनं एकेक करून थांबली. काकू अगदी हळू म्हणाल्या, “राहू द्या म्हटलं.”

“राहू द्यायचं नाही,” सर म्हणाले. रागावून नाही, एखाद्याला पत्ता समजावून सांगावा तसं. “माझं राहू दिलं, तर उद्या या पोरींचंही राहू द्याल. मग यांना कचेरीत कोण राहू देईल?”

काकूंनी हात पुढं केला, कागद घेतला. रफारावर लाल गोल काढला. पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. डोळे भरून आले होते, पण चष्म्यानं सांभाळून घेतलं.

“सारं पुन्हा काढा,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

सर जागेवर गेले, नवा कागद चढवला, टाय मागं सारली आणि सुरू झाले. टाइप करत असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा क्लासाचा नियम. मी दारातूनच दोघांना नमस्कार केला आणि जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर थोडा वेळ थांबले. वरून मशीनांचा आवाज येत होता. त्यात सरांचं कोणतं ते ओळखू येत होतं. सगळ्यांत सावकाश चाललं होतं ते.